दम धरा

"अरे बाबू, मले दम लागते म्हून त इथं आलो, अन् तू मलेच दम धर म्हनतं!"

एमआरआयच्या बोगद्यातून मोठेबाबांचा आवाज इंटरकॉमवर आला आणि कन्सोलवर बसलेले आम्ही दोघे टेक्निशियन हसलो. हसू फार टिकलं नाही, कारण त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. पंपिंग तीस टक्क्यांवर आलेल्या माणसाला आम्ही सांगत होतो, श्वास घ्या, सोडा, आता तेरा सेकंद रोखून धरा. आणि हे एकदा नाही, तेरा वेळा. पाचव्या खेपेला ते नवव्या सेकंदाला सुटले. सातव्या खेपेला सहाव्या. पडद्यावर हृदयाच्या जागी ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखा डाग आला.

माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा हेच वाक्य आठवलं. पुस्तकाचा विषय लांबलचक आहे: हृदयाच्या एमआरआयमध्ये स्नायूवरचा वण टिपायला लागणारा वेळ डीप लर्निंगने कसा कमी होतो. पण विषयाचं मूळ मोठेबाबांच्या तक्रारीत आहे. ज्याचं हृदय सर्वांत दुबळं, त्याच्याकडूनच ही तपासणी सर्वांत जास्त दम मागते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, रोहण्याचे. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं हे गाव. एके काळी पुलगावहून आर्वीला जाणारी नॅरोगेजची शकुंतला इथे थांबायची. स्टेशनाच्या पाटीवर 'रोहणा टाउन' असं भारदस्त नाव होतं. गाडी केव्हाच बंद पडली. कपाशी, तूर, सोयाबीन आणि पावसाची वाट, एवढ्यात मोठेबाबांचं आयुष्य गेलं. पहिला अटॅक त्यांनी 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊन काढला. तो अटॅक होता, हे दुसऱ्याच्या वेळी कळलं. मग इको झाला, अँजिओग्राफी झाली, तिन्ही नळ्यांत अडथळे निघाले आणि डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर इकोत नीट दिसत नव्हतं: बायपास केला तर या हृदयाला त्याचा उपयोग होईल का? रक्त पोचवून जागं होईल असा स्नायू किती उरला आहे, आणि किती मेला आहे?

मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. त्याच्या जागी शरीर कोलॅजनचं ठिगळ लावतं. ठिगळ ताणलं जातं, पण आकुंचन पावत नाही. हाच हृदयावरचा वण. तो पाहण्याची जी पद्धत आज जगभर वापरतात ती शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रेमंड किम आणि रॉबर्ट जड यांनी उभी केली. १९९९ मध्ये प्राण्यांवरचं काम आलं, २००० मध्ये ५० रुग्णांवरचं. निष्कर्ष इतका सरळ होता की हृदयरोगतज्ज्ञांना तो तोंडपाठ झाला. वण भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त भागात पसरला असेल, तर रक्तपुरवठा पूर्ववत करूनही तो भाग सुधारण्याची आशा थोडी. वण पातळ असेल तर आशा चांगली. (२०२२ मध्ये ब्रिटनमधल्या रिव्हाइव्ड चाचणीने या सरळपणाला धक्का दिला. पंपिंग फार कमी झालेल्या आणि स्नायू जिवंत असल्याचं दिसलेल्या रुग्णांतही अँजिओप्लास्टीने औषधांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. पण ती अँजिओप्लास्टीची गोष्ट, बायपासची नाही. आणि मोठेबाबांच्या वेळी हा वाद नव्हता.)

वणाचं महत्त्व अटॅकपुरतं नाही. घरात कुणी तरणाताठा माणूस खेळता खेळता कोसळतो आणि मग कळतं की हृदयाची भिंत आजाराने जाड झाली होती. अशा रुग्णांत वण किती आहे यावर धोका ठरतो. २०१४ मध्ये १,२९३ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की वण डाव्या कप्प्याच्या स्नायूच्या १५ टक्क्यांवर गेला की अचानक मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट होतो. छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचं की नाही, हा लाखोंच्या खर्चाचा निर्णय अशा आकड्यांवर झुकतो. तेव्हा वणाचं चित्र नीट येणं ही हौस नव्हे.

आता ते चित्र येतं कसं. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. ते पेशींच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेत हिंडतं. निरोगी स्नायूत पेशी गच्च बसलेल्या असतात, मधली जागा थोडी. औषध येतं आणि धुऊन जातं. वणात पेशी नाहीतच, सगळी मोकळी जागा. औषध तिथे जमतं आणि रेंगाळतं. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की निरोगी भागातलं बरंचसं गेलेलं असतं, वणातलं उरलेलं असतं. मग एक युक्ती करतात. चुंबकीय संकेत आधी उलटा करायचा, आणि तो पुन्हा सरळ होताना निरोगी स्नायूचा संकेत ज्या क्षणी नेमका शून्यावर असेल त्या क्षणी चित्र टिपायचं. हा क्षण साधारण पाव सेकंदानंतर येतो. तो साधला की निरोगी स्नायू कोळशासारखा काळा आणि वण चुन्यासारखा पांढरा दिसतो. विभागात आम्ही याला नुसतं 'लेट' म्हणतो, "लेट झालं का?" म्हणजे हेच.

गोम अशी की औषध सारखं धुऊन जात असतं, त्यामुळे तो नेमका क्षणही सरकत राहतो. पहिल्या कापाला बरोबर असलेला आकडा दहाव्या कापाला चुकतो. म्हणजे टेक्निशियनला घाई, आणि रुग्णाला घाई झेपत नाही.

श्वासाचा हिशेब एकदा मांडून दाखवतो. यंत्रागणिक आकडे बदलतात, पण हिशेबाची रीत हीच. एमआरआय फोटोसारखं चित्र काढत नाही. तो ओळीने ओळ मोजमाप गोळा करतो, आणि त्या मोजमापांच्या वहीला के-स्पेस म्हणतात. समजा एका कापाला १५० ओळी हव्यात. हृदय हलत असतं, म्हणून दोन ठोक्यांमध्ये ते जरा निवांत असतं तेवढ्याच वेळात मोजायचं. त्यात २० ओळी बसतात. म्हणजे आठ ठोके लागले. पण संकेत पूर्ववत व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून एक ठोका सोडून एक. झाले सोळा ठोके. मिनिटाला ७५ ठोके धरले तर तेरा सेकंद. डाव्या कप्प्याचे वरपासून खालपर्यंत दहा काप, आणि उभे-आडवे तीन: तेरा वेळा तेरा सेकंद. ठोके अनियमित असतील, तर देवच वाली.

या ओळींबद्दल एक गैरसमज विद्यार्थ्यांत हमखास असतो, तो इथेच काढतो. के-स्पेसची एक ओळ म्हणजे चित्राची एक ओळ नव्हे. प्रत्येक ओळीत सबंध चित्राचा अंश असतो. मधल्या ओळींत ढोबळ काळं-पांढरं असतं, कडेच्या ओळींत बारीक रेषा आणि काठ. म्हणून काही ओळी गाळल्या तर चित्राचा तुकडा गायब होत नाही. सबंध चित्र धूसर होतं किंवा त्याची घडी पडून छातीची कड हृदयावर चढते. पुस्तकाचं दुसरं प्रकरण यावर आहे. ते कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ओळी गाळायच्या आणि तरी चित्र वाचवायचं, ही खटपट डीप लर्निंगच्या पुष्कळ आधीची आहे. छातीवर संकेत टिपणाऱ्या एकाऐवजी अनेक कॉइल ठेवल्या, तर प्रत्येक कॉइलला आपल्या जवळचा भाग जास्त ऐकू येतो. त्या फरकावरून गाळलेल्या ओळींची भरपाई करता येते. १९९९ ची सेन्स आणि २००२ ची ग्रॅपा या त्या पद्धती. आज तुमच्या गुडघ्याचा एमआरआय निघतो तेव्हाही त्यांपैकी एखादी बहुधा चालू असते. मग २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या लुस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी कॉम्प्रेस्ड सेन्सिंग आणलं: ओळी अशा विस्कटून गाळायच्या की राहिलेली खोट नुसत्या गोंगाटासारखी दिसेल, आणि चित्र मुळात थोडक्यात सांगता येण्यासारखं असतं या गृहीतावर गोंगाट उपसून टाकायचा. कल्पना देखणी होती. पण गणिताला वेळ लागायचा आणि चित्रं मेणात बुडवल्यासारखी गुळगुळीत यायची. मोठेबाबांना त्या दिवशी आमच्याकडच्या जुन्या यंत्रावर यातलं फारसं काही मिळालं नाही.

डीप लर्निंगने काय केलं ते सांगायला मला गावाकडचं काम जवळचं वाटतं. कपाशी पेरली की आठ-दहा दिवसांनी शेतकरी ओळीने फिरतो. जिथे बी उगवलं नाही तिथे पुन्हा टोबतो. याला नांग्या भरणं म्हणतात. मोकळ्या जागी काय असायला हवं होतं हे त्याला माहीत असतं, कारण आजूबाजूच्या ओळी, दोन झाडांतलं अंतर, वाण, सगळं ठाऊक असतं. मशीनलाही हजारो हृदयं दाखवून हेच शिकवतात. पूर्ण मोजलेलं चित्र घ्यायचं, त्यातल्या ओळी मुद्दाम गाळायच्या, आणि भर म्हणायचं. चुकलं की सांगायचं किती चुकलं. असं पुन्हा पुन्हा करताना मशीनमधल्या गणिती जाळ्याला, म्हणजे न्यूरल नेटवर्कला, हृदयाची घडण अंगवळणी पडते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात श्लेम्पर आणि सहकाऱ्यांनी २०१७ च्या सुमारास हलत्या हृदयाच्या चित्रांवर हे करून दाखवलं. ग्राट्झच्या केर्स्टिन हामर्निक यांचं याच जातीचं व्हेरिएशनल नेटवर्क २०१८ चं. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकने फास्टएमआरआय नावाने कच्च्या मोजमापांचा साठा खुला केला आणि एमआरआयचं यंत्र कधी जवळून न पाहिलेली गणिती पोरंही या कामात उतरली.

यातल्या चांगल्या पद्धतींत एक शिस्त असते आणि माझ्या मते सगळी इभ्रत त्या शिस्तीत आहे. मशीन एक चित्र सुचवतं. लगेच त्या चित्रातून ओळी काढून ज्या ओळी खरोखर मोजल्या होत्या त्यांच्याशी ताडून पाहतात. फरक पडला तर चित्राने बदलायचं, मोजमापाने नाही. मग पुन्हा सुचवणं, पुन्हा ताडणं, अशी आठ-दहा आवर्तनं. शेताच्या मोजणीत हद्दीचे दगड रोवलेले असतात. नकाशा काढणाऱ्याने मधे काहीही रंगवावं, दगड हलवायचे नाहीत. ही शिस्त नसलेली, नुसतं धूसर चित्र घेऊन गोजिरं करून देणारी मॉडेलंही बाजारात आहेत. दोन्हींचं नाव डीप लर्निंगच. यंत्र विकत घेताना हा फरक विचारणारा माणूस मला माझ्या सबंध नोकरीत एकदा भेटला, तोही अकाउंट्स विभागातला!

वरच्या हिशेबात परत जाऊ. १५० ऐवजी ५० ओळी मोजल्या, तर तीन ठोके, एक सोडून एक धरून सहा. पाच सेकंदांपेक्षा कमी. पाच सेकंद मोठेबाबांनी सहज धरले असते. आणखी पुढे गेलं तर सगळं हृदय दीड-दोन मिलिमीटरच्या बारकाईने, त्रिमितीत, श्वास चालू ठेवून मोजता येतं. साध्या कापांची जाडी आठ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि पातळ वण त्या जाडीत विरून जातो. त्रिमितीचं स्वप्न जुनंच आहे, पण त्याला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात औषध धुऊन जायचं. बोस्टनमध्ये रेझा नेझफत यांच्या गटाने, एल-रेवैदी प्रमुख लेखक असलेल्या २०२० च्या कामात, नेमकं हेच धरलं: त्रिमिती वणचित्रांच्या विरळ मोजमापातून चित्र उभं करणारं जाळं. एमआरआयची मोजमापं संमिश्र संख्यांत असतात, तर जाळ्याचं गणितही संमिश्र संख्यांतच ठेवलं.

पण इथे एक अडचण आहे, ती मला या साऱ्या विषयातली सर्वांत गमतीची वाटते. मशीनला शिकवायला उत्तरपत्रिका लागते, म्हणजे एकही ओळ न गाळता घेतलेलं चित्र. गुडघ्याचं ते मिळतं. गुडघा पडून राहतो. हृदयाच्या वणाचं त्रिमितीत पूर्ण मोजमाप घ्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात रुग्ण हलतो, ठोके बदलतात, औषध ओसरतं. परीक्षा आहे, उत्तरपत्रिका नाही. मिनेसोटात बुर्हानेद्दीन यामन आणि मेहमेट आक्चाकाया यांनी २०२० मध्ये यावर वाट काढली: ज्या थोड्या ओळी मोजल्या त्यांचेच दोन गट करायचे, एका गटावरून मशीनने चित्र काढायचं, आणि दुसऱ्या, त्याला न दाखवलेल्या गटावर त्याची परीक्षा घ्यायची. पुस्तकातल्या पाचव्या प्रकरणाचा हा गाभा आहे. ते मी दोनदा वाचलं.

आता कुरकुर. प्रस्तावना लिहिणाऱ्याने गोडच बोलावं असा रिवाज आहे, लेखकांनी मला त्यातून सूट दिली आहे.

नांग्या भरताना बियाण्याची थैली कुठली, हे विचारलं पाहिजे. मशीनने जी हृदयं पाहिली ती बोस्टनची, लंडनची, रॉटरडॅमची. विदर्भातल्या ओपीडीत संधिवाताच्या तापाने लहानपणीच झडपा गेलेली हृदयं येतात, उशिरा पोचलेले अटॅक येतात, क्षयाचा संशय असलेले स्नायूचे दाह येतात. त्यांचे वण निराळ्या जागी, निराळ्या नक्षीचे. मोजलेल्या ओळी पुरेशा असतील तर हद्दीचे दगड आपल्याला सांभाळतात. ओळी फारच थोड्या असतील तर मशीन आपल्या सवयीने भरतं, आणि सवय त्याला लागली ती दुसऱ्यांच्या हृदयांची. २०२० मध्ये अंतुन, हान्सेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा काही जाळ्यांना मोजमापात डोळ्याला न दिसणारा फरक करून दिला, तर चित्र भलतंच बिघडतं. आणि चित्रात घातलेला बारीकसा तपशील काही जाळी पुसूनही टाकतात. गुडघ्यात बारीक तपशील पुसला गेला तर एक वेळ चालेल. हृदयात तो बारीक तपशील हाच वण असू शकतो.

दुसरी गोष्ट जास्त बेमालूम आहे. रॉटरडॅमच्या इरॅस्मस केंद्रातून २०२१ मध्ये एक अभ्यास आला. त्यांनी वणचित्रांवर गोंगाट कमी करणारं डीप लर्निंग कमी-जास्त प्रमाणात चालवलं. चित्रं सुधारली, डॉक्टर खूश. पण वणाचं माप घेतलं तेव्हा एका पट्टीने ते जसंच्या तसं राहिलं, आणि दुसऱ्या पट्टीने वाढत गेलं. दुसरी पट्टी अशी होती: निरोगी स्नायूतल्या चढउताराच्या ठरावीक पट उजळ ते सगळं वण. गोंगाट कमी झाला की तो चढउतारच घटतो, उंबरठा खाली येतो आणि वण फुगतो. रुग्ण तोच, हृदय तेच, वण तोच. पंधरा टक्क्यांच्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत यंत्र बसायचं की नाही, हे अशा ठिकाणी सॉफ्टवेअरच्या एका बटणावर येऊन ठेपतं. चित्र देखणं झालं एवढ्यावर खूश होणाऱ्यांनी हा अभ्यास भिंतीवर चिकटवावा.

आणि एक वेगळा प्राणी याच कळपात मिसळून दिला जातो. ऑक्सफर्डच्या झांग, पीखनिक आणि फेरेरा यांच्या गटाने २०२१ मध्ये गॅडोलिनियम न देताच वणाचं चित्र बनवून दाखवलं, आधी जाड भिंतीच्या आजारात आणि पुढच्या वर्षी अटॅकनंतरच्या वणांत. औषधाविना घेतलेले नकाशे आणि हलत्या हृदयाची चित्रं यांवरून मशीन सांगतं की औषध दिलं असतं तर काय दिसलं असतं. किडनी अधू असलेल्यांना याचा आधार होऊ शकतो, सुई टळते, वाट पाहणं टळतं. काम मोठं आहे. पण हे नांग्या भरणं नव्हे. इथे त्या प्रकारचं मोजमाप झालेलंच नसतं. एका मोजमापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधलेला असतो. लेखकांनी दोन्हींना एकाच प्रकरणात बसवलं आहे. मी त्यांना तोडा म्हणालो होतो, त्यांनी ऐकलं नाही. वाचकाने वाचताना मधे एक जाड रेघ मारावी. तशीच एक रेघ चित्र घडवणारं आणि चित्र वाचणारं मशीन यांच्यातही. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्यूअर डॉट एआयचं सॉफ्टवेअर छातीच्या एक्स-रेत क्षयाच्या खुणा शोधतं. तिथे एक्स-रे आधीच निघालेला असतो आणि मशीन चुकलं तर डॉक्टर तोच एक्स-रे पाहून चूक पकडतो. चित्रच मशीनने घडवलेलं असेल, तर कशाकडे पाहून पकडायची?

वर्ध्याच्या माणसाने या सगळ्याकडे कसं पाहावं? या जिल्ह्याचा इतिहास वैद्यकात लहान नाही. सुशीला नायरांनी सेवाग्रामला १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली, खेड्यातल्या माणसासाठी खेड्यातच वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची जी योजना चालवली तिचा हप्ता लोक सुगीला ज्वारीच्या रूपात भरत. ज्याच्याकडे जास्त जमीन त्याची ज्वारी जास्त, इलाज मात्र सगळ्यांना सारखा. आज सावंगी मेघेलाही मोठं महाविद्यालय आहे. डॉक्टरांचा दुष्काळ असलेला हा मुलूख नाही. दुष्काळ आहे तो यंत्राच्या वेळेचा. हृदयाचा एक एमआरआय पाऊण तास ते तासभर खातो. तेवढ्यात कमरेचे दोन-तीन निघतात. म्हणून हृदयाचा स्लॉट आठवड्यात एक-दोन, तोही दुपारनंतर, तोही कुणी शिकलेला टेक्निशियन ड्यूटीवर असेल तर. माझ्या नोकरीत मी हृदयाचे रुग्ण परत पाठवले आहेत, आणि दर वेळी कारण आजाराचं नव्हतं, घड्याळाचं होतं. तास अर्ध्यावर आला तर या रांगेत फरक पडेल, एवढी आशा मला आहे.

त्यापलीकडच्या आशेबाबत मी जपून बोलतो. वेळ वाचला म्हणजे पैसा रुग्णाचा वाचतोच असं नाही. यंत्रकंपन्या हे सॉफ्टवेअर वेगळ्या लायसन्सने विकतात आणि ते जुन्या यंत्रावर चढतंच असंही नाही. उलट एक गोष्ट मला जवळची वाटते: बेंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्सने बनवलेलं देशी एमआरआय यंत्र चंद्रपूरच्या कॅन्सर रुग्णालयात बसलं आहे, म्हणजे आपल्या विदर्भातच. स्वस्त यंत्राला गोंगाट जास्त असण्याची भीती असते, आणि गोंगाटातून चित्र वाचवण्यातच डीप लर्निंगचा हात धरणारं कुणी नाही. या दोन गोष्टींची गाठ हृदयाच्या वणावर कधी पडेल ते पडेल.

पुस्तकाच्या भाषेबद्दल एकच. लेखकांनी मराठी शब्दांचा हट्ट धरलेला नाही. कॉइल कॉइलच आहे, के-स्पेस के-स्पेसच. 'वण' हा शब्द मात्र त्यांनी माझ्या आग्रहावरून घेतला. त्यांच्या मसुद्यात 'विलंबित गॅडोलिनियम वृद्धी' असं काहीतरी होतं. तसं रोहण्यात म्हणून पाहा. रिपोर्टच्या नमुन्यांचं परिशिष्ट त्यांनी स्वतःहून दिलं आणि ते मला सर्वांत आवडलं: किती ओळी मोजल्या, किती भरल्या, कुठल्या आवृत्तीने भरल्या, वण कुठल्या पट्टीने मोजला, या चार गोष्टी रिपोर्टच्या तळाशी छापा असं ते सांगतात. मला अजून असा छापील रिपोर्ट पाहायला मिळालेला नाही.

मोठेबाबांच्या तेरा कापांपैकी अकरा कामाचे निघाले, चार पुन्हा घ्यावे लागले, आणि दोन शेवटपर्यंत बिघडलेलेच राहिले, नेमके हृदयाच्या टोकाकडचे. डॉक्टरांनी अकरांवर निर्णय घेतला. पुढच्या भिंतीतला वण पातळ होता. बायपास झाला, आणि मोठेबाबा पुढे नऊ पोळे पाहून गेले. गेल्या उन्हाळ्यात रोहण्याला त्यांचं कपाट आवरताना रेक्झिनच्या पिशवीत त्या तपासणीची सीडी सापडली. ती मी घरी आणली. या पुस्तकाचे लेखक त्या वेळी आले होते. त्यांना म्हटलं, ते दोन काप आता तुमच्या मशीनला देऊन पाहा. त्यांनी सीडी लावली, फायली पाहिल्या आणि मान हलवली. सीडीवर तयार चित्रं होती. ज्या ओळींवरून ती बनली, त्यातल्या कुठल्या ओळी श्वास सुटायच्या आधीच्या आणि कुठल्या नंतरच्या, ती कच्ची मोजमापं यंत्राने त्याच आठवड्यात पुढच्या रुग्णांना जागा करायला पुसली होती. तसं सगळीकडेच करतात, मीही वर्षानुवर्षं केलं. धाकट्या लेखकाने सीडी पिशवीत परत घातली आणि विचारलं, यांच्या श्वासाच्या वेळा कुठे लिहून ठेवल्या होत्या का? होत्या. पाकिटाच्या मागच्या बाजूला, माझ्याच पेन्सिलच्या अक्षरात: तेरा, तेरा, बारा, अकरा, नऊ, दहा, सहा.